विपश्यना, जेझुइटांचं मौन आणि बाबांचा हरिपाठ

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी मूळची कराडची, वय ४३. बरीच वर्षं नोकरीनिमित्त डब्लिनला राहते. नवरा आणि शाळकरी मुलगा सोबत आहेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या दिवसांत मला पोचता आलं नाही. त्यानंतर भारतात आले तेव्हा इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर केलं. शांत वाटलं. वर्षभर सकाळची बैठक नेमाने केली, मग हळूहळू सगळं कोरडं वाटायला लागलं. या मार्चमध्ये ऑफिसमधली एक आयरिश मैत्रीण मला जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरू-संघाच्या, रिट्रीटला (मौनातल्या प्रार्थना-शिबिराला) घेऊन गेली. तिथे शुभवर्तमानातला एक प्रसंग देऊन मनाने त्यात शिरायला सांगितलं: सरोवरात वादळ, नावेत पाणी शिरतंय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. मी त्या नावेत बसले आणि तोंडून मराठीत निघालं, 'माझी आई गेली तेव्हाही झोपलाच होतास का?' आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले. तेव्हापासून विपश्यनेला बसलेले नाही. आता सप्टेंबरपासून तिथे घरी राहून करायची आठ-नऊ महिन्यांची साधना सुरू होतेय, 'ये' म्हणताहेत. भाऊ म्हणतो, बाटवतील तुला. इथली एक मराठी मैत्रीण म्हणते, सगळं एकच आहे, काहीही कर. बाबा माळकरी आहेत, रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. त्यांना काहीच सांगितलेलं नाही. पूर्वेची साधना खोल की पश्चिमेची? दोन्ही एकत्र करता येतात का? आणि मी कुणाशी बेइमानी करते आहे का?

उत्तर:

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तो मनात ठसठसत असताना बाकीचं काही नीट ऐकू येणार नाही. तुम्ही कुणाशीही बेइमानी केलेली नाही. इगतपुरीला तुम्ही दहा दिवस शीलं (आचारनियम) पाळण्याचा, मौन राखण्याचा आणि त्या काळात दुसरी कुठली साधना न करण्याचा शब्द दिला होता. तो पाळलात. रिट्रीटला कसलाच शब्द दिला नव्हता. बाबांच्या गळ्यातली माळ बाबांनी घातली आहे, तुम्ही नाही. आईपर्यंत पोचता आलं नाही याची बोच आणि ही बेइमानीची बोच तुमच्या पत्रात एका दमात आल्या आहेत. मला वाटतं, दुसरी बरीचशी पहिलीतूनच आली आहे.

आता पूर्व आणि पश्चिम. तुम्ही इगतपुरी आणि हरिपाठ एका बाजूला ठेवलेत, डब्लिन दुसऱ्या बाजूला. ही मांडणीच तुम्हाला अडवते आहे. 'अध्यात्म पूर्वेचं, यंत्रं पश्चिमेची' ही वाटणी आपल्या मनात एकोणिसाव्या शतकात रुजली. पूर्वेच्या गूढविद्येचा गौरव करणारी थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला निघाली आणि काही वर्षांत मद्रासजवळ अड्यारला आली. १८९३ मध्ये विवेकानंद शिकागोत बोलले. आणि पारतंत्र्यात पिचलेल्या समाजाला ही वाटणी हवीहवीशी वाटली. तिने त्या काळी आपल्याला ताठ उभं राहायला मदतही केली. पण ध्यानाला बसलेल्या माणसाच्या ती कामाची नाही.

विपश्यनाच घ्या. बुद्धांची शिकवण अडीच हजार वर्षांची आहे, पण संसारी माणसांनी मोठ्या संख्येने विपश्यना शिकायची ही रीत ब्रह्मदेशात इंग्रजी अमलाच्या काळात वाढीला लागली. धर्म टिकायचा तर तो विहाराच्या भिंतींबाहेर गृहस्थांच्या हाती गेला पाहिजे, असं लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्षूंना वाटत होतं. ही परंपरा पुढे ऊ बा खिन यांच्याकडे आली. ते ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबनीस. त्यांच्याकडून ती सत्यनारायण गोयंकांकडे आली. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला शिबिरं होऊ लागली. तुमच्या रिट्रीटमधली पद्धत मात्र जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला या बास्क सरदाराने १५२२ पासून स्पेनमधल्या मान्रेसा गावी स्वतःवर करून पाहिली आणि लिहून काढली. यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायचं नाही. 'आपलं ते प्राचीन, त्यांचं ते उसनं' हा हिशेब मात्र डोक्यातून जाऊ द्या.

मग फरक नाहीच का? आहे, आणि मोठा आहे. माझ्या मते तो इथे आहे: साधनेत समोर कुणी असतं, की नसतं?

विपश्यनेत समोर कुणी नसतं. श्वास असतो, मग चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना असतात. त्या उठतात आणि जातात, आणि तुम्ही समतेने पाहत राहता. मदतीला कुणाला हाक मारायची नाही. हरिपाठात समोर विठोबा असतो. इग्नेशियसच्या पद्धतीत समोर येशू असतो, आणि प्रार्थनेच्या शेवटी त्याच्याशी मित्र मित्राशी बोलतो तसं बोलायचं, अशी स्पष्ट सूचनाच आहे. या कसोटीवर तुमच्या बाबांचा हरिपाठ आणि डब्लिनचं रिट्रीट शेजारी येतात, आणि इगतपुरी दुसऱ्या बाजूला जाते. त्या बाजूलाही ती एकटी नाही. चौदाव्या शतकात वारलेला माइस्टर एक्हार्ट हा डोमिनिकन या कॅथलिक संघातला जर्मन साधू आपल्या प्रवचनात, देवाच्या कल्पनेतूनही सुटका व्हावी अशी देवाकडेच प्रार्थना करतो. त्याच्या मृत्यूनंतर पोपने त्याची काही विधानं निषिद्ध ठरवली. आणि हाक मारणाऱ्यांच्या बाजूला पाहिलं तर पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधले साधू गाठी मारलेल्या दोरीवर 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर' हे वाक्य श्वासाबरोबर घोळवतात. वारकऱ्याला ते नामस्मरण म्हणून लगेच ओळखू येईल.

म्हणून मला वाटतं, तुमच्या आतली ओढाताण आशिया आणि युरोप यांच्यात नाहीच. एक मन म्हणतंय, दुःख पाहायला शीक. दुसरं म्हणतंय, आधी ते कुणाला तरी सांगू दे.

आणि तुम्ही सांगितलंत. 'तू झोपला होतास का?' असं विचारणं त्या परंपरेला नवीन नाही. नावेतले शिष्यही वैतागून तेच विचारतात: आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का? बायबलच्या ४४व्या स्तोत्रात तर देवाला सरळ म्हटलंय, जागा हो, झोपलास का? बेनेडिक्टाइन या जुन्या कॅथलिक साधुसंघाच्या मठांत शतकानुशतकं ही स्तोत्रं रोजच्या प्रार्थनेत म्हटली जातात. तक्रारीची स्तोत्रं त्यातून कुणी वगळली नाहीत. आणि आपल्याकडे जनाबाई आहेत. 'विठ्या' म्हणत त्यांनी देवाला ज्या शिव्या घातल्या आहेत त्या इथे छापायला संकोच वाटावा अशा आहेत, आणि तरी तो अभंग संप्रदायाने जपून ठेवला. तुम्ही कराडच्या माळकऱ्याच्या लेक आहात. देवाशी भांडायची भाषा तुमच्या कानावरून लहानपणीच गेलेली असणार. डब्लिनमध्ये तोंडून मराठी निघालं याचं मला आश्चर्य वाटलं नाही, आनंद वाटला.

त्या रडण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. त्याकडे या तीन परंपरा तीन प्रकारे पाहतात, आणि तुलना करायची तर अशा ठिकाणी करावी असं मला वाटतं.

इगतपुरीला रडू आलं असतं तर आचार्यांनी तुम्हाला थांबवलं नसतं. त्यांनी शरीराकडे पाहायला सांगितलं असतं: घशात काय होतंय, छातीत काय होतंय, ते वाढतंय की ओसरतंय. अनित्य. रडू आलं म्हणून आत काही मोकळं झालं, आता पुन्हा यावं, अशी आस धरायची नाही. आणि ते दाबायचंही नाही. हे कोरडं वाटतं, पण निर्दय नाही. मूल गेलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी, जिथे कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला धाडलं. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तिला कुणीतरी गमावलेलं माणूस भेटलं. कुणी तिची समजूत घातली नाही. तिचं तिलाच दिसलं. विपश्यनेची करुणा या जातीची आहे, आणि तुम्हाला पहिलं वर्षभर तिने सावरलं हे विसरू नका.

इग्नेशियसकडे तेच रडणं वेगळं होतं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्महिने अंथरुणात पडून राहिला. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची दिवास्वप्नं पाहायचा: एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवायची आणि संतांसारखं जगायची. दोन्हींत रमायचा. मग त्याच्या लक्षात आलं की पहिल्या तऱ्हेचं स्वप्न संपलं की मागे कोरडेपणा राहतो, दुसरं संपल्यावर समाधान टिकतं. त्याची सगळी पद्धत या निरीक्षणातून उगवली. म्हणजे पाहणं इथेही आहे, बारकाईने आहे. फक्त विपश्यना संवेदनेकडे पाहून तिला जाऊ देते, आणि इग्नेशियस तिला विचारतो, तू कुठून आलीस आणि मला कुठे नेते आहेस? अश्रूंना तो देणगी मानायचा. १५४४–४५ मधली त्याची स्वतःची टिपणवही उपलब्ध आहे. प्रार्थनेत अश्रू आले की नाही याची नोंद तिच्यात पुन्हा पुन्हा सापडते.

आणि बाबांकडे? भक्तीत अश्रू हा अष्टसात्त्विक भावांपैकी एक. रोमांच उभे राहणं, कंप सुटणं, कंठ दाटणं, डोळे वाहणं, हे सगळं भक्ताच्या अंगावर येतं आणि देवाच्या पायी जातं. त्याचं विश्लेषण करायचं नाही, ते थोपवायचंही नाही. कीर्तनात शेजारचा माणूस रडतो तेव्हा कुणी त्याला 'काय झालं' विचारत नाही.

'सगळं एकच आहे' हे तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला म्हणून पटत नाही. ती प्रेमाने म्हणते आहे, पण त्या वाक्यामुळे तिन्ही परंपरांचं ऐकायचं राहून जातं. दुःखाचा क्षय हे बुद्धांचं ध्येय आहे. आसक्तीच्या ओढीखाली न येता देवाची इच्छा ओळखून आयुष्य लावून घेणं हे इग्नेशियसचं. वारकऱ्याला तर मुक्तीपेक्षाही नाम आणि संतांची संगत प्यारी. ज्यांचं गाठायचं ठिकाणच वेगळं, त्यांच्यात 'खोल कोण' हे कुठल्या मापाने मोजायचं? या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, कारण तो प्रश्न तुमच्या उपयोगाचा नाही.

दोन्ही एकत्र करण्याचा प्रश्न मात्र उपयोगाचा आहे.

दोन्ही घरं याबाबत सावध आहेत. गोयंका विपश्यनेत मंत्र, प्रतिमा, ध्यानाचा दुसरा कुठलाही आधार मिसळू नका असं निक्षून सांगत. चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही असं जाहीर केलं. पण १९८९ मध्ये व्हॅटिकनने खास पत्र काढून, पौर्वात्य ध्यानपद्धतींतून येणाऱ्या शांत, सुखद अनुभवाला पवित्र आत्म्याचं कार्य समजण्याची गल्लत करू नका असंही बजावलं. ही कोती वृत्ती आहे असं मला वाटत नाही. दोन वैद्यांची औषधं एकदम घेतली की गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला, हे दोघांनाही सांगता येत नाही.

या वाटेवर तुमच्या आधी गेलेली माणसं आहेत. आँरी ल सो हे फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू १९४८ मध्ये भारतात आले, पुढच्याच वर्षी रमण महर्षींच्या दर्शनाने हलून गेले, अरुणाचल डोंगराच्या गुहांत राहिले, अभिषिक्तानंद झाले. रोज मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करणारा हा माणूस अद्वैतात इतका खोल उतरला की दोन्हींचा मेळ बसवताना त्याचा जीव वर्षानुवर्षं घुसमटला. त्याच्या रोजनिशीत ते दिसतं. शेवटी शेवटी त्यांना शांती लाभली, पण १९७३ मध्ये इंदूरला देह ठेवेपर्यंत म्हणजे जवळजवळ पाव शतक ही किंमत ते मोजत राहिले. सकाळी अर्धा तास हे, संध्याकाळी अर्धा तास ते, असं ते नव्हतं.

मला त्यांच्याइतकंच जॉन मेन यांचं उदाहरण जवळचं वाटतं. हे तरुणपणी ब्रिटिश नोकरीत मलायात होते. तिथे एका हिंदू स्वामींनी त्यांना मंत्रध्यान शिकवलं, आणि तू ख्रिस्ती आहेस तर तुझ्या परंपरेतला शब्द घे, असं सांगितलं. पुढे ते बेनेडिक्टाइन झाले तेव्हा वरिष्ठांनी, ही ख्रिस्ती प्रार्थना नव्हे, सोडून दे म्हटलं. त्यांनी सोडली. बऱ्याच वर्षांनी जॉन कॅसियन हा पाचव्या शतकातला लेखक वाचताना त्यांना दिसलं की इजिप्तच्या वाळवंटातले साधू एकच छोटं वाक्य अखंड जपत होते. एका हिंदू गुरूने दाखवलेली गोष्ट त्यांना त्यांच्याच घरात सापडली.

आणि तुमच्या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य घातलं ते एक जेझुइट तर आपल्या लोणावळ्याचे: अँथनी डिमेलो. मुंबईत १९३१ साली जन्मले. आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला त्यांनी 'साधना' नावाची संस्था चालवली. ते माणसांना आधी अंगावरच्या संवेदनांकडे आणि श्वासाकडे लक्ष द्यायला बसवत, आणि चित्त स्थिरावल्यावर शुभवर्तमानातल्या प्रसंगात नेत. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल इशारा दिला. तरी त्यांनी शिकवलेला क्रम आजही अनेक रिट्रीटांत चालतो. कदाचित तुमच्या रिट्रीटमध्येही डोळे मिटून आधी श्वास पाहायला सांगितला असेल.

रामकृष्ण परमहंसांचं नाव 'सगळं एकच' म्हणणारे हमखास घेतात. त्यांनी इस्लामची साधना केली तेव्हा ते त्या दिवसांत कालीच्या मंदिरात गेले नाहीत, असं त्यांची चरित्रं सांगतात. एका वेळी एक, आणि ती पूर्ण. मीही हेच म्हणेन.

मग आत्ता कोणती? इथे मला इग्नेशियसचे दोन नियम तुमच्यापुढे ठेवायचे आहेत. पहिला: मन कोरडं, उदास पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, उलट साधनेत थोडी भर घालावी. विपश्यना तुम्हाला कोरडी वाटायला लागली आणि दुसरीकडे ओलावा मिळताच तुम्ही ती टाकलीत. म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही निघाला आहात त्यांच्याच नियमाने तुम्ही आधी विपश्यनेच्या बैठकीकडे परत यायला हवं. दुसरा: उत्कट अनुभव येतो तो काळ वेगळा आणि त्यानंतरचा ऊबदार काळ वेगळा. या दुसऱ्या काळात आपण जे बेत आखतो ते थेट देवाकडून आलेले असतात असं नाही, ते नीट तपासून घ्यावे. सप्टेंबरला 'हो' म्हणायची तुमची घाई मला या दुसऱ्या काळातली वाटते.

तर या आठवड्यापासून सकाळची बैठक पुन्हा सुरू करा, शिकवली तशीच. तासभर जमत नसेल तर वीस मिनिटं आनापान, म्हणजे नुसतं श्वासाकडे लक्ष. त्यात ती वादळातली नाव नको, सरोवर नको, आई आठवली तर आईशी संवादही नको, श्वास. नावेत परत जावंसं वाटेल तेव्हा जा, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जागी. दोन-तीन महिन्यांनीही कोरडेपणा तसाच राहिला, आणि तो तुम्ही शांतपणे पाहू शकलात, तर मग विपश्यना बाजूला ठेवायचा निर्णय तुमचा असेल. आजवर तो झाला होता, तुम्ही केला नव्हता.

एक गोष्ट साधनेबाहेरची. दोन वर्षं रडू न येणं आणि मग एकदम बांध फुटणं हे शोकात घडतं. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मुलावर उगाच चिडचिड होत असेल तर शोकावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. मौनाची लांब शिबिरं सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाहीत. ध्यान करणाऱ्यांना येणाऱ्या गंभीर त्रासांवर अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. सध्या पुन्हा दहा दिवसांच्या शिबिराला एकट्याने जाऊ नका.

भावाबद्दल. त्याचा सूर मला आवडला नाही, पण काळजी समजते. रिट्रीटला बसल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा सहसा कित्येक महिन्यांच्या तयारीनंतर आणि त्याच्या उघड संमतीने होतो. हे त्याला सांगा. पण स्वतःला याच्या पुढचंही सांगा. सप्टेंबरची ती साधना येशूचं आयुष्य जन्मापासून मरणापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत घेऊन जाते, आणि मध्यावर कुठेतरी तुम्हाला विचारते, तू याच्या मागे येणार का? तिथे येशू हा शोक मोकळा करायचं साधन नसतो. कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेले असं स्वतः सांगत. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढेही अभंग रचले, कीर्तनं केली. त्यांचं मराठीपण तसूभर कमी झालं नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून दूर, हाल सोसत काढावी लागली. काळ बदललाय, तरी घरातल्या माणसांना अंधारात ठेवून हा प्रवास करू नये एवढं त्यातून मी घेते.

बाबांना अंधारात ठेवू नका म्हणते ते यासाठीच, आणि याहून मोठ्या कारणासाठी. तुमची आई गेली तेव्हा त्यांची बायको गेली. पत्रात त्यांच्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं आहेत, आणि त्यांत ते रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणताहेत. कराडला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तुमच्याकडे दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. शनिवारी-रविवारी ती वेळ तुम्हाला मोकळी मिळेल. फोन लावा आणि त्यांच्याबरोबर म्हणा. पाठ नसेल तर पुस्तक घेऊन म्हणा. 'आपल्या संस्कृतीकडे परत या' असं मला मुळीच सुचवायचं नाही. तुम्हाला हरिपाठातून काही अनुभव येईल की नाही, ते त्या वेळी महत्त्वाचं नाही. चार-पाच आठवडे झाले की त्यांना नावेची गोष्ट सांगा, देवाला काय विचारलंत तेही जसंच्या तसं सांगा. आयुष्यभर विठोबाशी बोलणारा माणूस यावर काय म्हणेल हे मी ठरवू शकत नाही, पण तुमचा प्रश्न त्यांना परका वाटणार नाही याची मला खात्री आहे. ते दुखावले तर दुखावू द्या. एकाच माणसासाठी झुरणारे तुम्ही दोघं आहात, बोलणं पुढे सरकेल.

आणि सप्टेंबर. नाव नोंदवण्याआधी तिथल्या मार्गदर्शकांना एकट्याने भेटा. त्यांना इगतपुरीचं सांगा, बाबांच्या माळेचं सांगा, आणि दोन गोष्टी सरळ विचारा. मी हिंदू आहे आणि कदाचित हिंदूच राहीन, हे मान्य करून तुम्ही मला ही साधना द्याल का? आणि मध्येच मला थांबावंसं वाटलं तर तुम्ही मला कसं थांबू द्याल? चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी बिचकणार नाही. इग्नेशियसने स्वतःच लिहून ठेवलंय की साधना देणाऱ्याने मध्ये पडू नये, देव आणि माणूस यांना आपसात बोलू द्यावं. उत्तरं देताना ते चाचपडले, किंवा लगेच 'सगळं एकच आहे हो' म्हणाले, तर या वर्षी जाऊ नका. उत्तरं पटली, सकाळची बैठक पुन्हा लागली, बाबांशी बोलणं झालं, आणि तरीही त्या झोपलेल्या माणसाकडून उत्तर हवंच असं वाटत राहिलं, तर जा. त्या आठ-नऊ महिन्यांपुरती विपश्यना बाजूला ठेवा, आणि पूर्ण करूनच या. ऑगस्टअखेरपर्यंत यातलं काही झालं नसेल तर पुढच्या वर्षी जाता येईल. त्या भेटीत काय झालं ते मला जरूर कळवा.